अपडेटनंतर विंडोज उठेना: फॉरमॅट मारण्याआधी काय काय करून बघायचं

मायक्रोसॉफ्टची महिन्याची मुख्य अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की सुटतात. त्या वेळी मुंबईत रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. त्यामुळे बुधवारी-गुरुवारी सकाळी फोर्टातल्या सीएच्या ऑफिसात, दादरच्या डीटीपीच्या दुकानात किंवा बोरिवलीच्या सोसायटीच्या कचेरीत एखादं तरी मशीन निळ्या पडद्यावर नाहीतर फिरत्या गोलावर अडकून बसलेलं सापडतं. मग कोणीतरी सांगतं, "फॉरमॅट मारावा लागेल."

बहुतेक वेळा लागत नाही. अशा बिघाडात फाइली सहसा जागच्या जागी शाबूत असतात. अर्धवट बसलेलं अपडेट, न जुळलेला ड्रायव्हर, हललेली बूट फाइल किंवा बायॉसमधली (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रणालीतली) बदललेली एखादी सेटिंग, यातलं काहीतरी वाट अडवून बसलेलं असतं. फॉरमॅटने वाट मोकळी होते, पण टॅलीचा डेटा, श्रीलिपीचं लायसन्स, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, ब्राउझरमधले पासवर्ड हे सगळंही जातं. म्हणून क्रम असा ठेवायचा: मशीन कुठे थांबलंय ते ओळखा, डेटा बाहेर काढा, मग दुरुस्तीला लागा.

पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. स्लॅश, कोलन आणि जोडरेघ दिसतात तशाच ठेवा. स्लॅशच्या आधी स्पेस द्यायची, नंतर नाही.

आधी बघा, मशीन नेमकं कुठे थांबतंय

पडद्यावर टक्केवारी दिसत असेल तर हात लावू नका. तीस टक्क्यांवर किंवा शंभर टक्क्यांवर बराच वेळ अडकणं नेहमीचंच आहे. एसएसडी असेल तर तासभर, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर दोन-तीन तास द्या. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे असं समजा. "बदल मागे घेत आहोत" अशा अर्थाचा संदेश असेल तर आणखी धीर धरा, कारण विंडोज त्या वेळी स्वतःच जुन्या स्थितीत परत जात असतं आणि मध्येच वीज तोडली तर ना नवं धड राहतं ना जुनं. तीन तास उलटले आणि दिवाही विझलेला आहे, तरच पॉवर बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा.

टक्केवारी नसेल तर थांबण्याच्या जागा साधारण चार.

पडदा पूर्ण काळा, कंपनीचा लोगोही नाही: विंडोजपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. रॅम, वीजपुरवठा किंवा बायॉस बघायचं.

लोगो येतो, पण पुढे "बूट करण्याजोगं साधन सापडलं नाही" असा संदेश, किंवा मशीन थेट बायॉसच्या पडद्यात जातं: डिस्क दिसत नाहीये किंवा बूट फाइल बिघडली आहे.

लोगोखाली गोल फिरतो आणि मग निळा पडदा येतो, किंवा मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं: विंडोजचा गाभा लोड होताना एखादा ड्रायव्हर किंवा अर्धवट अपडेट आडवं येतंय. अपडेटनंतरची बहुतेक प्रकरणं या गटातली.

लॉगिन होतं, पण पुढे काळा पडदा आणि माउसचा बाण एवढंच दिसतं: गाभा ठीक आहे, गोंधळ ग्राफिक्स ड्रायव्हरचा किंवा डेस्कटॉपचा. इथे आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नवं टास्क चालवायच्या चौकटीत "एक्सप्लोरर" टाइप करा. कित्येकदा एवढ्यानेच डेस्कटॉप येतो.

निळ्या पडद्यावर सर्वांत खाली स्टॉप कोड असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. नव्या विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा असतो, पण कोड तिथेही असतोच. पडदा क्षणात निघून जात असेल तर रिकव्हरीच्या पडद्यातून (तो कसा आणायचा ते पुढे आहे) स्टार्टअप सेटिंग्ज उघडून ९ दाबा. आपोआप होणारं रीस्टार्ट थांबतं आणि कोड वाचता येतो.

दर वेळी दोष अपडेटचाच असतो असंही नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की "शट डाउन" केल्यावरही गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो. खरी, कोरी सुरुवात फक्त रीस्टार्टला होते. अनेक ऑफिसांत महिनोन् महिने कोणी रीस्टार्ट करतच नाही, आणि ते रीस्टार्ट अखेर अपडेटच करवून घेतं. मध्यंतरी मरायला टेकलेली डिस्क, घातलेला नवा ड्रायव्हर, सैल झालेली रॅम, सगळं त्याच दिवशी उघडकीला येतं.

पेचकस घेण्याआधी

कीबोर्ड-माउस सोडून बाकी सगळं काढा: पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, प्रिंटर, डोंगल, कार्ड रीडर. बायॉस पेनड्राइव्हवरून बूट करायचा प्रयत्न करत बसतं आणि तिथेच अडकतं, असं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. मग वीज तोडा. डेस्कटॉपची केबल काढा, लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. साठलेली वीज निघून गेली की अडकलेला यूएसबी किंवा एनव्हीएमई (नव्या एसएसडीचा) कंट्रोलर शुद्धीवर येतो.

आता मशीन चालू करताच कळ दाबून बायॉसमध्ये जा. बहुतेक ठिकाणी एफ२ किंवा डिलीट, एचपीवर एफ१०, काही लेनोव्होंवर एफ१. तिथे तीन गोष्टी बघायच्या: तारीख बरोबर आहे का, डिस्कचं नाव दिसतंय का, आणि बूटच्या यादीत "विंडोज बूट मॅनेजर" पहिला आहे का.

तारीख चुकलेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपत आलाय. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करून घरी जायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. वीज चालू असताना बायॉसच्या घड्याळाला वीजपुरवठ्यातून आधार मिळतो, बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. नव्या सेलचा व्होल्टेज ३ च्या आसपास असतो, मल्टीमीटरवर २.८ च्या खाली दिसला तर बदलून टाका. सेल गेला की बायॉस मूळ सेटिंग्जवर परततं, आणि डिस्कचा मोड बदलल्यामुळे विंडोज उठत नाही. दोष जातो अपडेटच्या माथी.

पूर्ण काळा पडदा आणि बीप ऐकू येत असतील तर रॅम काढून परत बसवा. समुद्राच्या हवेने आणि पावसाळ्याच्या दमटपणाने रॅमच्या सोनेरी कडेवर थर चढतो. मऊ पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसा, चुरा झटका, आणि कडेचा चाप "टक" असा आवाज होईपर्यंत दाबा. हे करताना वीज तोडलेली हवी, आणि आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची.

रिकव्हरीचा पडदा कसा आणायचा

दुरुस्तीची हत्यारं विंडोजच्या रिकव्हरी पडद्यात असतात. लॉगिनचा पडदा येत असेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. येत नसेल तर मशीन चालू करा आणि लोगोखाली गोल फिरायला लागताच पॉवर बटण दाबून बंद करा. असं दोनदा केलं की तिसऱ्या वेळी विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यात जातं. जात नसेल तर बूट करता येणारा पेनड्राइव्ह लागेल. दुसऱ्या चालू मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मग बिघडलेलं मशीन त्यावरून सुरू करा आणि "इन्स्टॉल" न दाबता "रिपेअर" हा पर्याय निवडा. इथे घाईत इन्स्टॉल दाबून डेटा घालवणारे कमी नाहीत.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ऑक्टोबर २०२५ च्या केबी५०६६८३५ या अपडेटने विंडोज ११ च्या रिकव्हरी पडद्यात यूएसबी कीबोर्ड आणि माउस बंद पाडले होते. विंडोजमध्ये दोन्ही नीट चालत, रिकव्हरीत मात्र काहीच हलत नसे. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला केबी५०७०७७३ काढून ते दुरुस्त केलं. तुमचं मशीन त्या अपडेटवरच अडकलेलं असेल तर जुना पीएस/२ कीबोर्ड, म्हणजे जांभळ्या गोल पिनचा, कामी येतो. मशीन बंद असतानाच तो लावायचा. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड सहसा यूएसबीवर नसतो, त्यामुळे तो चालण्याची शक्यता बरीच. आधी बनवून ठेवलेला पेनड्राइव्ह असेल तर ही अडचण येत नाही, कारण त्याची रिकव्हरी वेगळी असते.

निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागितली तर

हा बिघाड नव्हे, बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, कुलूप आहे. बायॉस, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायॉसची सेटिंग) किंवा टीपीएम (की जपणारी सुरक्षा चिप) यांत काहीही बदललं की बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक मशीन थेट याच पडद्यावर उठली होती. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही इंटेल मशीनवर तेच पुन्हा झालं. आपण बिटलॉकर लावलेलाच नाही असं अनेकांना वाटतं, पण मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या नव्या लॅपटॉपवर होम आवृत्तीतही डिस्क आपोआप कुलूपबंद होते.

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी हा पत्ता इंग्रजीत टाका आणि मशीन ज्या खात्याने पहिल्यांदा सुरू केलं होतं त्याच खात्याने साइन-इन करा. घरातला लॅपटॉप असेल तर मुलाचं किंवा नवऱ्याचं खातंही तपासा. यादीत अनेक की दिसतील. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळतात तीच की टाका. ऑफिसचं मशीन असेल तर की आयटी विभागाकडे असते. की कुठेच मिळाली नाही तर डेटा परत मिळवायचा मार्ग नाही. "आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराला पैसे देऊ नका.

"मायक्रोसॉफ्ट सपोर्ट नंबर" असं शोधून वर दिसणाऱ्या अनोळखी क्रमांकावर फोन लावायच्या भानगडीत तर पडूच नका. मोबाइलवर एनीडेस्क हे दुरून ताबा देणारं ॲप घ्यायला सांगून खातं रिकामं करण्याचा तो जुना धंदा आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

दुरुस्तीआधी डेटा बाहेर

रिकव्हरी पडद्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. काही वेळा खात्याचा पासवर्ड मागितला जातो. तिथे पासवर्डच लागतो, पिन नाही.

इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. रोजचा सी इथे डी किंवा ई असतो, आणि तुम्ही स्वतः एक्स नावाच्या तात्पुरत्या, मेमरीतल्या ड्राइव्हवर असता. म्हणून आधी ओळख पटवा:

डिस्कपार्ट
लिस्ट व्हॉल्यूम
एक्झिट

आकारावरून विंडोजचा ड्राइव्ह ओळखा. पुढे सगळीकडे तो "सी" धरला आहे. तुमच्याकडे वेगळा असेल तर तेच अक्षर घाला. बिटलॉकर असेल तर ड्राइव्ह आधी उघडावा लागेल.

कमांडची सवय नसेल तर "नोटपॅड" टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन असं जा आणि खाली "ऑल फाइल्स" निवडा. ही चौकट छोट्या एक्सप्लोररसारखी चालते. फोल्डरवर उजवं क्लिक करून कॉपी आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट. प्रगतीची पट्टी दिसत नाही, तेव्हा अडकलंय असं वाटलं तरी थांबा.

फाइली जास्त असतील तर:

रोबोकॉपी सी:\यूजर्स ई:\बॅकअप /ई /आर:१ /डब्ल्यू:१ /एक्सजे

"ई:" म्हणजे बाहेरची डिस्क, नंतरचा "/ई" हा वेगळा पर्याय आहे. शेवटचं एक्सजे विसरू नका. यूजर्स फोल्डरात स्वतःकडेच परत वळणारे आडवाटेचे दुवे असतात, आणि ते वगळले नाहीत तर कॉपी संपतच नाही.

फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेऊन समाधान मानू नका. टॅलीचा डेटा कुठे आहे ते इन्स्टॉल करणाऱ्याने ठरवलेलं असतं; नाव नुसत्या पाच-सहा आकड्यांचं असलेलं फोल्डर दिसलं तर ते बहुधा एका कंपनीचं असतं, ते अख्खं उचला. डीटीपीवाल्यांनी फॉन्टचं फोल्डर आणि सी किंवा डी च्या मुळाशी ठेवलेले जॉब घ्यावेत. सोसायटीच्या कचेरीत सभासदांची यादी आणि देखभालीची बिलं बहुधा एखाद्या एक्सेल फाइलीत, तीही डाउनलोड्समध्ये सापडतात.

कॉपी करताना डिस्कमधून टकटक आवाज आला किंवा वेग रांगत असेल तर सगळं थांबवा आणि मशीन बंद करा. मरत्या डिस्कवर चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या कमांडचा "आर" पर्याय चालवणं म्हणजे तिच्याकडून उरलेला श्वास काढून घेणं. डेटा महत्त्वाचा असेल तर ती डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची.

दुरुस्ती, सौम्य उपायापासून

पहिला उपाय अनइन्स्टॉल अपडेट्स. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये दोन पर्याय दिसतील: शेवटचं क्वालिटी अपडेट काढा, शेवटचं फीचर अपडेट काढा. महिन्याच्या नेहमीच्या अपडेटनंतर बिघडलं असेल तर पहिला. २३एच२ वरून २४एच२ अशी आवृत्तीच बदलली असेल तर दुसरा. हा दुसरा पर्याय साधारण दहा दिवसच उपलब्ध असतो, आणि विंडोज-ओल्ड हे जुन्या विंडोजचं फोल्डर जागेवर असेल तरच. जागा मोकळी करायला ते कोणी पुसलं असेल तर मार्ग बंद.

स्टार्टअप रिपेअर एकदा चालवायला हरकत नाही. त्याला बूट फाइलींच्या सोप्या चुका कळतात, अर्धवट अपडेट फारसं कळत नाही. त्याने "दुरुस्त करता आलं नाही" म्हटलं तर विंडोज, सिस्टम३२, लॉगफाइल्स, एसआरटी या मार्गावरची एसआरटीट्रेल नावाची टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडा. एखाद्या ड्रायव्हरचं नाव किंवा "बूट क्रिटिकल फाइल" असं काही शेवटाकडे लिहिलेलं असतं. निम्म्या वेळा उत्तर त्याच ओळीत असतं आणि ती कोणी वाचत नाही.

अपडेट काढताना "आधीचं एक काम प्रलंबित आहे" अशा अर्थाचा नकार आला, किंवा मशीन "बदल मागे घेत आहोत" वर फिरत राहिलं, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

डीआयएसएम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स

ही कमांड अर्धवट राहिलेलं अपडेट मागे घ्यायची नोंद करते. प्रत्यक्ष काम पुढच्या रीस्टार्टला होतं, त्यामुळे त्या रीस्टार्टला वेळ लागला तर घाबरू नका. चालू विंडोजमध्ये ही वापरायची नाही. ती न उठणाऱ्या विंडोजसाठीच आहे.

तरीही जमलं नाही तर ते पॅकेज नावानिशी काढा:

डीआयएसएम /इमेज:सी:\ /गेट-पॅकेजेस /फॉरमॅट:टेबल

लांबलचक यादी येईल. स्थितीच्या रकान्यात "इन्स्टॉल पेंडिंग" असलेली किंवा सर्वांत ताज्या तारखेची ओळ शोधा; महिन्याच्या अपडेटच्या नावात "रोलअपफिक्स" असतं. नाव हाताने टाइप करू नका, माउसने निवडून कॉपी करा. मग तात्पुरत्या फाइलींसाठी जागा करा, कारण एक्स ड्राइव्ह लहान असतो:

एमडी सी:\स्क्रॅच
डीआयएसएम /इमेज:सी:\ /रिमूव्ह-पॅकेज /पॅकेजनेम:कॉपी केलेलं नाव /स्क्रॅचडीआयआर:सी:\स्क्रॅच

हे पंधरा-वीस मिनिटं एका आकड्यावर थांबू शकतं.

सिस्टम फाइली फाटल्याची शंका असेल तर:

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडीआयआर=सी:\ /ऑफविनडीआयआर=सी:\विंडोज

नुसतं एसएफसी स्कॅननाऊ इथे उपयोगाचं नाही. ते एक्सवरची तात्पुरती विंडोज तपासायला बघतं.

लोगोनंतर गोल फिरून निळा पडदा येतो पण अपडेट काढूनही फरक नाही, तर सेफ मोड. स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ किंवा इंटरनेट हवं असेल तर ५. इथे पिन चालेलच असं नाही, पासवर्ड आठवून ठेवा. सेफ मोडमध्ये मशीन उठलं याचा अर्थ विंडोज ठीक आहे आणि बाहेरचा कोणता तरी ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस गोंधळ घालतोय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स, वायफाय आणि स्टोरेज यांचे ड्रायव्हर "रोल बॅक" करा, बाहेरचा अँटिव्हायरस काढा, मग साधं रीस्टार्ट. १९ जुलै २०२४ ला जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी निळी पडली. तेव्हा दोष मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा नव्हता, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलीचा होता. इलाजही हाच: सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसणं.

बूट फाइल नव्याने लिहिणं

डिस्क बायॉसमध्ये दिसते, पण विंडोज बूट मॅनेजर यादीतून गायब आहे किंवा "बूट कॉन्फिगरेशन डेटा" नाही अशी तक्रार येते, तेव्हाच हे करायचं. गेल्या दहाएक वर्षांतली बहुतेक मशीन यूईएफआय (बायॉसची नवी पद्धत) असलेली असतात. डिस्कपार्टमध्ये "लिस्ट डिस्क" केल्यावर जीपीटीच्या (डिस्क विभागण्याची नवी पद्धत) रकान्यात चांदणी दिसली की खात्री झाली. मग:

लिस्ट व्हॉल्यूम
सिलेक्ट व्हॉल्यूम ३
असाइन लेटर=एस
एक्झिट

३ च्या जागी तुमच्या यादीतला तो क्रमांक, जिथे फाइल सिस्टम एफएटी३२ आणि आकार १०० ते काही शे एमबी आहे. लावलेला पेनड्राइव्हही एफएटी३२ असतो, पण त्याचा आकार जीबीत असतो. तेवढं बघूनच पुढे जा. मग:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

इथे पहिला एस हा पर्याय आहे, दुसरा तुम्ही दिलेलं अक्षर. "बूट फाइली यशस्वीपणे तयार झाल्या" अशा अर्थाची ओळ आली की रीस्टार्ट.

जुन्या व्हिडिओंत बूटरेक फिक्सएमबीआर, फिक्सबूट वगैरे सांगितलेलं असतं. ते जुन्या एमबीआर डिस्कसाठी. यूईएफआय मशीनवर फिक्सबूटला बहुधा "ॲक्सेस डिनाइड" असं उत्तर मिळतं आणि लोक तिथेच तासन् तास डोकं फोडत बसतात. त्याहून धोक्याचा एक सल्ला अजून फिरतो: कॉन्फिग फोल्डरातल्या रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीच्या) फाइली काढून त्या जागी रेगबॅक या बॅकअप फोल्डरातल्या टाका. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून रेगबॅकमध्ये आपोआप बॅकअप होत नाही. तिथल्या फाइली शून्य केबीच्या असतात. त्या कॉपी केल्या की दुरुस्त होण्यासारखं विंडोजही कायमचं जातं. पेंडिंग-एक्सएमएल ही अपडेटच्या बाकी कामांची फाइल पुसून टाकण्याचा सल्लाही त्याच पठडीतला. वरची रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स तेच काम रीतसर करते.

इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस

हा स्टॉप कोड आला तर कमांडकडे वळण्याआधी बायॉसमध्ये स्टोरेजचा मोड बघा. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, डिस्क कशी जोडायची ते ठरवणारी सेटिंग असते. विंडोज ती चालू असताना बसवलेलं असेल आणि बायॉस अपडेटने ती बंद केली, किंवा उलट झालं, तर विंडोजला डिस्कच सापडत नाही. डेल, एचपी, लेनोव्होची बायॉस अपडेट्स हल्ली विंडोज अपडेटमधूनच येतात, त्यामुळे हे कधी बदललं ते कळतही नाही. सेटिंग उलटी करा, सेव्ह करा, सुरू करा. नाही उठलं तर पूर्ववत करा. जुन्या डेस्कटॉपवर हीच गोष्ट एएचसीआय आणि रेड या डिस्कच्या दोन मोडांत घडते.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर डिस्कच दिसत नसेल तर तिथेही कारण बहुधा व्हीएमडीच असतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन "लोड ड्रायव्हर" ने तो दाखवावा लागतो.

सिक्युअर बूटच्या की इथे रिकाम्या हाताने रीसेट करू नका. २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागत असल्याने त्या भागात सध्या बदल चालू आहेत, आणि बिटलॉकरची की हाताशी नसताना तिथे हात घातला तर डिस्क कुलूपबंद होते.

मशीनवर लिनक्सही असेल आणि "शिम एसबॅट" व "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असा संदेश येत असेल, तर तो ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटचा प्रताप. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जा, "सुडो मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट" चालवा, लिनक्स एकदा रीस्टार्ट करा, ते अपडेट करा आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा.

काहीच चाललं नाही तर

रीसेट धिस पीसी मध्ये "माझ्या फाइली ठेवा" निवडा. तुमच्या फाइली राहतात, पण टॅली, श्रीलिपी, प्रिंटरचे ड्रायव्हर, ऑफिस हे सगळं पुन्हा घालावं लागतं. क्लाउड डाउनलोड निवडलं तर काही जीबी उतरतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटा पॅक आधी बघा. रीसेटही अडलं तर पेनड्राइव्हवरून नव्याने इन्स्टॉल करता येतं, आणि तेव्हा विंडोजचं पार्टिशन फॉरमॅट न करता तसंच निवडलं तर जुन्या फाइली विंडोज-ओल्डमध्ये जातात. त्या लगेच बाहेर काढा, ते फोल्डर पुढे आपोआप पुसलं जातं.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, जायची वेळ आलीच तर तयारीने जा. नुसता डेटा हवा असेल तर डिस्क घेऊन जा आणि यूएसबी केसिंग घ्या, पण आधी डिस्क कोणती ते तपासा: २.५ इंची साटा, एम.२ साटा की एम.२ एनव्हीएमई. एम.२ च्या दोन्ही प्रकारांचा आकार सारखाच दिसतो, केसिंग मात्र वेगळं लागतं. डिस्कवरचं लेबल मोबाइलवर टिपून न्या. अख्खं मशीन देत असाल तर पावतीवर "डेटा न विचारता फॉरमॅट करू नये" असं लिहून घ्या, डिस्कचा आणि रॅमचा सीरियल नंबर फोटोत ठेवा. बिटलॉकरची की चिठ्ठीवर लिहून देण्यापेक्षा समोर उभं राहून स्वतः टाका.

मशीन उठल्यावर त्याच दिवशी

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा आणि अपडेट काही आठवडे थांबवा, नाहीतर काढलेलं अपडेट रात्रीत परत येईल. मायक्रोसॉफ्टच्या रिलीज हेल्थ पानावर त्या केबी क्रमांकाची तक्रार नोंदली आहे का ते बघा. दुरुस्त आवृत्ती आली की थांबवणं काढून टाका. सुरक्षा अपडेट्स कायमची बंद ठेवणं हा इलाज नाही, विशेषतः ज्या मशीनवरून नेट बँकिंग होतं तिथे. सी ड्राइव्हवर किमान २० ते ३० जीबी मोकळी जागा ठेवा. अर्धवट राहिलेल्या अपडेटांमागे जागेची टंचाई हे नेहमीचं कारण आहे. डेस्कटॉपच्या छोट्या यूपीएसवर वीज गेली असताना अपडेटचं रीस्टार्ट सुरू करू नका, त्याची दहा-पंधरा मिनिटं पुरत नाहीत.

बिटलॉकरची की छापून मशीनपासून लांब ठेवा, आणि १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह रिकव्हरीसाठी बनवून त्यावर चिठ्ठी चिकटवा. शेवटी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून "रीएजंटसी /इन्फो" चालवा. पहिल्या ओळीत "एनेबल्ड" असायला हवं. "डिसेबल्ड" असेल तर "रीएजंटसी /एनेबल" करा. रिकव्हरी पार्टिशन गेलं असेल तर ही कमांड नकार देते. तशा मशीनसाठी तो पेनड्राइव्हच रिकव्हरी, त्यामुळे तो दुसऱ्या कामाला वापरू नका.